ब्रँडरची खिंड: नावं काय सांगतात आणि लढाई कशी झाली

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबन नावाचं बंदराचं गाव आहे. पूर्वेकडून तिथे जाणारा मोठा रस्ता आणि रेल्वे, दोन्ही शेवटच्या टप्प्यात एका अरुंद फटीत शिरतात. उजव्या हाताला बेन क्रुअखन हा ११२६ मीटर उंचीचा डोंगर, डाव्या हाताला काळंशार पाणी, आणि पाण्यापलीकडे लगेच दुसरा कडा. हीच ब्रँडरची खिंड. लांबी जेमतेम पाच किलोमीटर. १३०८ साली इथे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने लॉर्न या किनारपट्टीच्या मुलखातल्या मॅकडूगल घराण्याचा मोड केला आणि आर्गाइल प्रांताचा दरवाजा उघडला, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. त्या एका वाक्यात तीन-चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. त्या नीट समजून घ्यायच्या तर आधी जमीन पाहावी, मग नावं, आणि लढाई सगळ्यात शेवटी.

खिंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चढून जायची जागा येते: एका बाजूने चढ, माथ्यावर खिंड, पलीकडे उतार. ब्रँडरमध्ये चढ नाही. लॉख म्हणजे तलाव किंवा खाडी. लॉख ऑ हा गोड्या पाण्याचा ४१ किलोमीटर लांबीचा तलाव आहे, स्कॉटलंडमधला सर्वांत लांब. त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३६ मीटरवर आहे. या तलावाचा एक फाटा वायव्येकडे वळतो, डोंगरांच्या मधून निमुळता होत जातो आणि त्यातून ऑ नदी बाहेर पडते. पाच-सहा किलोमीटर वाहून ती लॉख एटिव या खाडीला मिळते. हिमयुगाच्या अखेरीस तलावाचं पाणी नैर्ऋत्येच्या टोकाने बाहेर जात होतं. हिमनद्यांनी ही फट खोल कोरली आणि पाण्याने वाट बदलली. म्हणजे ब्रँडरची वाट ही डोंगर ओलांडणारी नाही, डोंगर आणि पाणी यांच्यामधून घुसणारी आहे. तलावाच्या काठापासून क्रुअखनचा माथा आडव्या अंतराने साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात जवळजवळ १०९० मीटरचा चढ. खालचा उतार तर सरासरीपेक्षाही उभा. आज दिसणारी सपाट पट्टी बरीचशी रस्ता आणि रेल्वेसाठी कापून, भर घालून केलेली आहे. चौदाव्या शतकात ती नव्हती.

नावं कशी वाचायची

नकाशावर छापलेलं नाव हे बहुतेक वेळा गेलिक, म्हणजे या डोंगराळ भागाच्या जुन्या भाषेतल्या, नावाचं इंग्रजी कानाने ऐकलेलं रूप असतं. त्यामुळे पहिलं काम, गेलिक रूप शोधणं. या खिंडीचं गेलिक नाव कुअंग अ व्रानरी. ‘कुअंग’ म्हणजे अरुंद, आवळलेली जागा. पुढचं ‘व्रानरी’ हे ‘ब्रानरघ’ या मूळ नामाचं षष्ठीचं रूप. गेलिकमध्ये षष्ठीत पहिलं व्यंजन मऊ पडतं, ब चा व होतो, आणि शेवटही बदलतो. नकाशावाल्यांनी मूळ ब ठेवून ‘ब्रँडर’ केलं. स्कॉट्स बोलीत ब्रँडर म्हणजे मांस भाजायची लोखंडी जाळी. पण निव्वळ ते ऐकून ‘जाळीची खिंड’ असा अर्थ लावणं म्हणजे इंग्रजी वळणाच्या रूपावर भलत्या भाषेतला अर्थ चिकटवणं. हौशी लोकांच्या हातून ही चूक सर्रास होते.

इथे कामाची गोष्ट पहिल्या शब्दात आहे. गेलिक भाषेत खिंडीला एक शब्द नाही. ‘ब्यालख’ म्हणजे दोन शिखरांमधली वरची खाच, चढून पार करायची. ‘लारिग’ म्हणजे डोंगररांगेतून आरपार जाणारी लांब वाट. ‘माम’ म्हणजे गोलसर, रुंद माथ्याची खिंड. ‘कुअंग’ या तिन्हीत बसत नाही. तिथे चढण नाही, आवळ आहे. नाव देणाऱ्यांनी जागेचा प्रकार अचूक हेरला होता. बाहेरून आलेल्या सैन्याला मात्र या प्रकारातला धोका कळायला वेळ लागतो, कारण सपाट वाटेवर घात होईल असं सहसा कुणाला वाटत नाही.

दुसरी पायरी, नाव तोडणं. गेलिकमध्ये जातिवाचक शब्द आधी येतो, विशेष नाव नंतर. कोरे क्रुअखन: कोरे म्हणजे डोंगराच्या कुशीतला वाटीसारखा खोलगा, म्हणून ‘क्रुअखनचा खोलगा’. आज तिथे जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. बेन अ वूरी: बेन म्हणजे डोंगर, आणि ‘वूरी’ हे ‘बूरघ’चं षष्ठीरूप, म्हणजे माजावर आलेल्या नर हरणांचं ओरडणं. ब चा व इथेही झालाच. जवळच्या स्टॉब डाइव्ह या शिखराच्या नावातही नर हरीण आहे. म्हणजे पूर्वेकडची ही बाजू नावं पडली तेव्हा शिकारीची, निदान हरणांच्या वावराची होती. ड्रोखच ग्लास म्हणजे ‘करडा पूल’. तिथे पूल नाही, माथ्याची धार पुलासारखी दिसते. स्टॉब डेरग, लाल सुळका, हा पश्चिमेकडचा. खालच्या टेनुइल्ट गावातून हाच डोळ्यांत भरतो. टेनुइल्ट म्हणजे ओढ्याकाठचं घर.

तिसरी पायरी, सर्वांत जुनी नोंद गाठणं. या भागाचं नशीब इतकं चांगलं की ‘ऑ’ या नावाची नोंद तेराशे वर्षं जुनी आहे. आयोना या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटावरच्या मठाचा प्रमुख अॅडमनान याने इ. स. ७००च्या सुमारास त्या मठाचा संस्थापक संत कोलंबा याचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात एका साधूची कुटी ‘आबा नदीच्या तलावा’जवळ होती असा उल्लेख आहे. आबा म्हणजेच नदी. ती हळूहळू घासत ‘ऑ’ झाली. यातून दोन गोष्टी कळतात. एक, नाव आधी नदीचं, मग तलावाचं. एवढा मोठा तलाव, पण त्याला नाव मिळालं ते या खिंडीतून बाहेर पडणाऱ्या सहा किलोमीटरच्या नदीवरून. लोकांच्या व्यवहाराचं केंद्र ती नदी होती. दोन, ‘ऑ नदी’ म्हणजे शब्दशः ‘नदी नदी’. नदीच्या मुखाकडची इन्वर-ऑ आणि बॉन-ऑ ही दोन्ही नावं ‘ऑचं मुख’ एवढंच सांगतात.

तोडताना कुठे फसगत होते, त्याचा नमुना तलावाच्या पूर्व टोकाला आहे. किलखर्न किल्ला, साधारण १४५०च्या आसपास कॅम्पबेल घराण्याने बांधलेला. स्कॉटलंडमध्ये नावाच्या सुरुवातीला ‘किल’ दिसला की बहुतेक वेळा तो ‘किले’, म्हणजे संताची कुटी किंवा चर्च असतो. इथे तसं समजलात तर नसलेलं चर्च शोधत बसाल. जुन्या कागदांत हे नाव ‘कोलखर्न’च्या जवळपास लिहिलेलं आहे, म्हणजे ‘कूल’, चिंचोळं पाणी. पुढचा भाग दगडांच्या राशीचा. अर्थ चर्चचा नसून चिंचोळ्या पाण्याचा निघतो.

डन्स्टाफ्निज हे नाव वेगळ्याच घडणीचं. खिंडीच्या पलीकडे, समुद्रकाठी, मॅकडूगलांचा हा मुख्य किल्ला तेराव्या शतकात बांधला गेला. ‘डून’ म्हणजे गेलिकमध्ये गढी. उरलेलं ‘स्टाफ-नेस’ हे नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं: खांबाचं किंवा काठीचं भूशिर. आधी नॉर्स दर्यावर्दींनी भूशिराला नाव दिलं, मग गेलिक बोलणाऱ्यांनी त्या अख्ख्या नावापुढे गढी लावली. मॅकडूगल हे आडनावही त्याच मिश्रणातलं. डूगल म्हणजे ‘काळा परका’, नॉर्स लोकांना उद्देशून वापरलेला शब्द. घराण्याचा मूळपुरुष डूगल हा बाराव्या शतकातल्या सॉमरलेडचा मुलगा. लॉर्न हे प्रांतनाम त्याहून कितीतरी जुनं, दाल रियाता या जुन्या गेलिक राज्यातल्या लोआर्न कुळाचं.

या सगळ्या नावांत एक गोष्ट दिसत नाही: लढाई. खिंडीतली जुनी नावं अरुंदपणा, पाणी, हरणं, रंग आणि आकार सांगतात. युद्धाचा मागमूस त्यांत नाही, आणि ते साहजिक आहे. नावं रोजच्या वापरातून पडतात आणि लढाई एका दुपारची असते. म्हणूनच लढाईची आठवण सांगणारं नाव कुठे सापडलं की ते नंतर कुणीतरी दिलं असेल का, हे आधी तपासावं.

भांडण कशाचं होतं

१० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीजच्या चर्चमध्ये रॉबर्ट ब्रूस आणि त्याच्या माणसांनी गादीसाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याला ठार केलं. सहा आठवड्यांत ब्रूसने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. लॉर्नचा अलेक्झांडर मॅकडूगल हा कॉमिन घराण्याचा सोयरा, त्यामुळे हे वैर रक्ताचं. जूनमध्ये मेथव्हनला इंग्रजांकडून मार खाऊन ब्रूस पश्चिमेला पळाला, तेव्हा टिंड्रमजवळ अलेक्झांडरचा मुलगा जॉन याने त्याला गाठून आणखी ठोकलं. ती जागा ब्रँडरच्या पूर्वेला एका दिवसाच्या चालीवर. ब्रूस कसाबसा निसटला.

दोन वर्षांनी पारडं फिरलं. जुलै १३०७ मध्ये इंग्लंडचा पहिला एडवर्ड वारला. त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड याला स्कॉटलंडमध्ये तितका रस नव्हता. ब्रूसने ईशान्येत कॉमिनांचा प्रदेश जाळून काढला आणि मग पश्चिमेकडे तोंड वळवलं. पूर्वेकडून मोठं सैन्य घेऊन डन्स्टाफ्निजवर जायचं तर सरळ वाट एकच, तलावाचं टोक वळसा घालून ब्रँडरमधून. जॉनला हे माहीत होतं. ब्रूसलाही जॉन तिथेच वाट पाहत असणार हे कळत होतं.

सापळा आणि उलटा सापळा

लढाईचं तपशीलवार वर्णन एकाच माणसाने केलं आहे: अॅबर्डीनचा धर्माधिकारी जॉन बार्बर, ब्रूसवरच्या त्याच्या दीर्घ काव्यात. ते १३७५च्या सुमाराचं, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ सत्तर वर्षांचं. तरी जमिनीचं त्याचं वर्णन चकित करण्याइतकं नेमकं आहे. वाट इतकी अरुंद की काही ठिकाणी दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी जाऊ शकत नाहीत, खाली सरळ कडा पाण्यात उतरलेला, वर डोंगर. डोंगराचं नाव तो ‘क्रेखिनबेन’ देतो. आजचं ‘बेन क्रुअखन’ आधी बेन मग क्रुअखन असं आहे, पण गेलिक परंपरेत नाव ‘क्रुअखन बेन’ असंच होतं. म्हणजे बार्बरने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, नाव तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. ब्रिटनमध्ये याहून उंच डोंगर नसेल असंही तो म्हणतो. ते चूक आहे, बेन नेव्हिस १३४५ मीटर आहे. पण पाण्याच्या काठावर मान वर करून उभ्या असलेल्या माणसाचा असा समज होणं अगदी शक्य आहे.

त्याच्या सांगण्यानुसार जॉनने आपले लोक वाटेच्या वर, डोंगराच्या अंगावर लपवले आणि स्वतः पाण्यावर गलबतांत थांबला. ब्रूसने सैन्याचे दोन भाग केले. तिरंदाज आपला सरदार जेम्स डग्लस याच्या हाती दिले. सोबत अलेक्झांडर फ्रेझर, विल्यम वाइझमन आणि अँड्रू ग्रे. या तुकडीने गुपचूप वर चढून लपलेल्यांच्याही डोक्यावरची जागा धरली. मग राजा खालच्या वाटेने खिंडीत शिरला. वरून आरोळी उठली, बाण सुटले, मोठमोठे दगड लोटले गेले. राजाची माणसं हलक्या शस्त्रांची. ती पळण्याऐवजी थेट उतारावर चढली. तेवढ्यात डग्लसचे बाण मागून, वरून आले, मग तलवारी. मॅकडूगलांचे लोक फुटले आणि नदीकडे पळाले. तिथे एक पूल होता. पलीकडे जाऊन तो मोडायचा त्यांचा बेत होता, पण पाठलाग करणारे इतके जवळ की मोडायला सवड मिळाली नाही. जॉनने गलबतातून हे पाहिलं आणि त्याला काहीच करता आलं नाही.

वरून दगड लोटणं हे कवीचं अलंकरण वाटू शकतं. या उतारावर मात्र तसं म्हणता येत नाही, आणि त्याची साक्ष रेल्वे देते. ओबनची रेल्वे १८८० मध्ये सुरू झाली आणि १८८१च्या ऑगस्टमध्येच गाडी उतारावरून आलेल्या शिळेला धडकली. कंपनीचा व्यवस्थापक जॉन अँडरसन याने त्यावर उपाय काढला तो असा: रुळांच्या वरच्या बाजूला तारांचं कुंपण, आणि प्रत्येक तार सिग्नलला जोडलेली. घरंगळणाऱ्या दगडाने तार तोडली की सिग्नल आपोआप धोक्याला जातो आणि चालक सावध होतो. पुढे हे कुंपण वाढत गेलं. सिग्नलांची संख्या सतरा. वाऱ्याने तारा गुणगुणतात म्हणून त्याला ‘अँडरसनचा पियानो’ म्हणतात, आणि तो अजून चालू आहे. त्याची मर्यादाही तिथेच उघडी पडली: जून २०१० मध्ये एक शिळा तारांच्या खालच्या बाजूने, रेल्वेच्याच हद्दीतून सुटली. झाडाच्या मुळांनी ती हळूहळू सैल केली होती. तार तुटलीच नाही, सिग्नल पडला नाही आणि गाडी घसरली. जिथे दगड कुणी न लोटता सुटतात तिथे पहारीने लोटणं काही अवघड नव्हतं.

तर मग एवढा चांगला सापळा फसला का? पहिलं कारण उंचीचं. दगड आणि बाण परिणामकारक व्हायचे तर लपणाऱ्याला वाटेच्या जवळ राहावं लागतं. शे-दीडशे मीटरपेक्षा फार वर गेलं तर दगड कुठल्या घळीत वळेल याचा नेम नाही. पण क्रुअखनवर त्याच्याही वर आणखी हजारएक मीटर डोंगर शिल्लक राहतो. मधल्या उतारावर बसलेला माणूस खालच्यासाठी वर असतो आणि वरच्यासाठी खाली. वरच्या अंगाला पहारा ठेवणं हा साधा उपाय होता. बार्बरच्या वर्णनात तो कुठेच नाही.

दुसरं कारण वेळेचं. वाट नसलेल्या, खडकाळ, ओल्या गवताच्या अशा उतारावर शस्त्रं घेऊन तासाला तीन-चारशे मीटरहून जास्त चढता येत नाही, आणि नंतर आडवं जायला आणखी वेळ. म्हणजे डग्लस राजाच्या निदान दोन-तीन तास आधी निघाला असला पाहिजे, आणि बहुधा खिंडीच्या अलीकडून, जिथून तो दिसणार नाही. कोरे क्रुअखनच्या बाजूने वर जाऊन मग पश्चिमेला आडवं सरकणं हा जमिनीला धरून असलेला अंदाज. राजाने तोवर तलावाच्या टोकाशी वेळ काढला असणार. ऑगस्टमध्ये इथे उजेड रात्री आठ-नऊपर्यंत असतो, त्यामुळे दिवस पुरला.

तिसरं, नेता पाण्यावर आणि फौज डोंगरावर. गलबत पळून जायला उत्तम, हुकूम द्यायला निरुपयोगी. जॉन आजारी होता म्हणून तो गलबतात होता, असं त्याच्याच पत्रावरून मानता येतं. त्या पत्राची गोष्ट महत्त्वाची आहे.

साल कुठलं, माणसं किती

जॉनने दुसऱ्या एडवर्डला लिहिलेलं पत्र टिकून आहे. त्यात तो म्हणतो की तुमचं पत्र ११ मार्चला मिळालं तेव्हा मी अंथरुणाला खिळलेला होतो, सहा महिने आजारी आहे. ब्रूस जमिनीवरून आणि समुद्रातून दहा-पंधरा हजार माणसं घेऊन आला. माझ्याकडे आठशे, त्यातले पाचशे पगारी. आर्गाइलचे सरदार मदत करत नाहीत. मला तीन किल्ले आणि चोवीस कोस लांबीचा तलाव राखायचा आहे, त्यावर गलबतं ठेवली आहेत. ब्रूसशी थोड्या मुदतीचा तह केला आहे, पण मी त्याला शरण गेलो अशी त्याने बढाई मारली तर खरी मानू नका.

पत्रात दिवस आहे, वर्ष नाही. सगळा वाद त्यातून उभा राहिला. ते १३०९चं मानलं तर मार्च १३०९ मध्ये जॉन अजून लॉर्नमध्ये ठाण मांडून आहे, आणि लढाई त्यानंतर, म्हणजे १३०९च्या उन्हाळ्यात झाली असली पाहिजे. ते १३०८चं मानलं तर ब्रूसची पहिली चाल १३०७च्या शरदात, मग तह, आणि लढाई ऑगस्ट १३०८ मध्ये. इतिवृत्तकार फोर्डनच्या नावावर असलेल्या बखरीत ही लढाई १३०८ सालात, १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणानंतरच्या आठवड्यात टाकलेली आहे. ऑक्टोबर १३०९ मध्ये ब्रूस डन्स्टाफ्निजला होता, हेही सनदेतून दिसतं. १३०९वाल्यांना ते सोयीचं. पण निर्णायक पुरावा वेगळाच वाटतो. मार्च १३०९ मध्ये सेंट अँड्रूजला ब्रूसने संसद भरवली, आणि फ्रान्सच्या राजाला तिथून गेलेल्या पत्रात उपस्थितांमध्ये आर्गाइलचा अलेक्झांडर आहे. बाप ब्रूसच्या संसदेत बसलेला असताना डन्स्टाफ्निज अजून पडायचा होता, हे जुळवणं जड जातं. म्हणून १३०८ अधिक सरळ बसतं.

आकड्यांचं तसंच. बार्बर लॉर्नच्या बाजूला दोन हजार देतो आणि ‘ऐकलं आहे’ अशी पुस्तीही जोडतो. जॉन स्वतः सगळे मिळून आठशे सांगतो. मदत मागणारा माणूस आपली फौज कमी आणि शत्रूची जास्त सांगणार. विजेत्याचा कवी हरलेल्यांची फौज फुगवणार. आठशेतले काही तीन किल्ल्यांत अडकले असणार हे धरलं तर डोंगरावर प्रत्यक्षात काहीशेच माणसं असावीत. पंधरा हजारांचा आकडा तर सोडूनच द्यावा. दोन घोडे शेजारी जात नाहीत अशा पाच किलोमीटरच्या वाटेत एवढं सैन्य एका दिवसात मावतच नाही.

नेमकी जागा

बार्बर ‘समुद्र’ म्हणतो, आणि खिंडीत तर गोड्या पाण्याचा तलाव. त्यावरून काहींनी लढाई खिंडीतून काढून खारं पाणी असलेल्या लॉख एटिवच्या अंगाला नेली. पण जॉनच्या पत्रातला गलबतांचा तलाव लॉख ऑ धरला तर अडचण उरत नाही. अॅबर्डीनमध्ये बसून लिहिणाऱ्या कवीने गलबतं असलेल्या पाण्याला समुद्र म्हटलं इतकंच. पूल मात्र काहीतरी सांगतो. पळणारे पश्चिमेकडे, आपल्या मुलखाकडे जाणार, आणि त्या बाजूला पुलाची गरज पडेल अशी नदी एकच, ऑ. म्हणजे लढाईचा शेवट तरी खिंडीच्या वायव्य तोंडाशी, नदी सुरू होते त्याच्या आसपास झाला.

त्या तोंडाशी दगडांच्या काही राशी आहेत आणि त्या पडलेल्या वीरांच्या समाध्या असल्याचं सांगितलं जातं. सावध राहावं. डोंगराळ भागात शेत साफ करताना वेचलेल्या दगडांच्या राशीही तशाच दिसतात, आणि वरून बघून दोन्हीत फरक करता येत नाही.

नंतर चिकटलेल्या गोष्टी

याच खिंडीत, ब्रूसच्या आधी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसने मॅकफेडियन नावाच्या आयरिश शत्रूला हरवलं आणि तो गुहेत लपला असताना मारला, अशी कथा आहे. पाण्यापलीकडच्या कड्यात त्याची गुहाही दाखवतात. कथेचा उगम पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला कवी ब्लाइंड हॅरी. वॉलेसनंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिणारा हा कवी तारखा आणि जागा सढळ हाताने बदलतो, आणि या लढाईला समकालीन आधार नाही. ब्रूसची लढाई वॉलेसच्या नावावर चढवली असण्याची शक्यता मोठी. गुहेचं नाव कवितेनंतर पडलं असेल तर ते पुरावा ठरत नाही.

टिंड्रमजवळ डालरी आहे, म्हणजे राजाचं शेत, आणि शेजारी लॉखन नान आरम, शस्त्रांचं तळं. १३०६ मध्ये पळताना ब्रूसच्या लोकांनी शस्त्रं तिथे टाकली म्हणतात. त्याच चकमकीत ब्रूसच्या अंगरख्यावरून हिसकलेली म्हणून मॅकडूगल घराण्याने जपलेली लॉर्नची पिन प्रसिद्ध आहे. तिची घडण तज्ज्ञ सोळाव्या शतकातली मानतात, त्यामुळे ती ब्रूसच्या अंगावर असणं शक्य नाही.

डन्स्टाफ्निज वेढ्यानंतर शरण आला. अलेक्झांडर काही महिन्यांतच पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि १३१०च्या सुमारास आयर्लंडमध्ये वारला. जॉन इंग्लंडच्या पश्चिम आरमारावर गेला, १३१५ मध्ये आइल ऑफ मॅन ब्रूसकडून परत घेतलं, आणि १३१६ मध्ये मेला. त्यांच्या मुलखाचा मोठा हिस्सा पुढे कॅम्पबेलांकडे आला. ‘क्रुअखन’ ही कॅम्पबेलांची रणघोषणा झाली.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर

ग्लासगोहून ओबनच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसलं की पाणी दिसतं, उजव्या खिडकीतून सिग्नलचे खांब आणि तारा. लढाई समजून घ्यायला उजवी बाजू बरी. लॉख ऑ स्टेशन सुटलं की तयार राहावं. टेनुइल्ट येईपर्यंत सगळं संपतं. फॉल्स ऑफ क्रुअखन हा छोटा थांबा उन्हाळ्यातच, दिवसा चालतो, कारण फलाटावर दिवे नाहीत. तिथे उतरलं तर ओढ्याच्या कडेने धरणाकडे चढणारी पायवाट लगेच सुरू होते. ती पहिल्या टप्प्यात फार उभी आहे. डग्लसच्या तिरंदाजांना काय करावं लागलं असेल ते दहा मिनिटांत कळतं. ऑगस्टमध्ये ब्रॅकन हा नेचा कमरेपर्यंत वाढलेला असतो आणि त्यात गोचिड्या असतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोज्यांत खोचलेली विजार.

पाण्याची आजची पातळी जुनी समजू नये. वायव्य टोकाला १९६०च्या दशकातला बंधारा आहे आणि वीज प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे पाणी वर-खाली होतं. जुना काठ पाहायचा तर एकोणिसाव्या शतकातले, मैलाला सहा इंच प्रमाणाचे सरकारी सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांच्या जोडीला सर्व्हेच्या नावांच्या वह्या वाचाव्यात: प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं आणि कसं लिहावं हे नोंदलेलं आहे. तिथे एखाद्या नावासमोर स्थानिक शेतकऱ्याचं आणि जमीनदाराच्या कारभाऱ्याचं रूप वेगळं दिसलं, तर गेलिकसाठी आधी शेतकऱ्याचं रूप धरून चालावं.